सोळा आणे हिरवे

महसूल खात्याच्या भाषेत ‘नजर पैसेवारी’ असा एक शब्द आहे. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. सप्टेंबर संपता संपता खरिपाच्या गावांची नजर पैसेवारी जाहीर होते, ऑक्टोबरअखेर ती सुधारली जाते आणि डिसेंबरात अंतिम ठरते. पूर्ण पीक म्हणजे रुपया असे धरायचे आणि यंदा त्या रुपयातले किती पैसे पदरात पडले ते सांगायचे, एवढाच तिचा अर्थ. वर्षानुवर्षे पन्नास पैशांच्या आतले गाव टंचाईच्या सवलतींना पात्र धरले गेले. एक्कावन्न पैशांचे गाव बाहेर राहिले. महसुलातली सूट, कर्जवसुलीला स्थगिती, मुलांची परीक्षा फी, एवढे सगळे ज्या आकड्यावर अवलंबून, तो आधी नुसत्या नजरेने ठरतो. आणि हे तो शब्द स्वतःच मोकळेपणाने सांगतो, याचे मला फार वर्षांपासून नवल वाटत आले आहे.

अलीकडे या नजरेच्या शेजारी दुसरे एक मोजमाप येऊन बसले आहे. पिकाच्या पानांवरून परत फिरणारा प्रकाश उपग्रहातून मोजायचा आणि त्यावरून पिकाची हालहवाल सांगायची. हे मोजमाप कुठून आले, ते काय पाहते आणि काय पाहू शकत नाही, याचा माग मी माझ्या परीने काढतो आहे. मी शिक्षणाने कृषिशास्त्रज्ञ नाही, भौतिकीचा पदवीधरही नाही. शहरातल्या ग्रंथालयांतले जुने अहवाल, गॅझेटियरचे खंड आणि आता घरबसल्या वाचायला मिणारे शोधनिबंध, एवढीच माझी शिदोरी. वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. या मोजमापाची पहिली अक्षरे धान्याच्या शेतात गिरवली गेली नाहीत. ती गवतावर गिरवली गेली. आणि गवत पारखणाऱ्यांना जो प्रश्न सतावत होता, तोच प्रश्न आपल्याकडे आणेवारीच्या रूपाने शंभर वर्षांपूर्वी उभा राहिला होता.

चार आण्यांचा वाद

आधी आणेवारीचे पाहू. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे पीक. मुंबई इलाख्यात पीक चार आण्यांच्या आत असेल तर त्या वर्षीची सारावसुली पूर्ण तहकूब करावी, असा नियम होता. १९१८ साली गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात या चार आण्यांवरूनच सत्याग्रह झाला. अतिवृष्टीने पीक गेले होते. शेतकऱ्यांचे म्हणणे, पीक चार आण्यांच्या आत आहे. सरकारी अंदाज, चार आण्यांच्या वर आहे. गांधीजींनी आत्मचरित्रात हा वाद नेमक्या याच शब्दांत मांडला आहे. दोन्ही पक्ष एकाच जमिनीकडे पाहत होते, एकाच हंगामाबद्दल बोलत होते. फरक पाहणाऱ्याचा होता.

त्या वादात दोन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले होते. पहिला, शेतात प्रत्यक्ष पीक किती आहे? दुसरा, सोळा आणे पीक म्हणजे किती? तलाठ्याने एकरी दोन पोती पाहिली आणि शेतकऱ्यानेही दोनच पाहिली, तरी पूर्ण पीक आठ पोत्यांचे धरले तर आणेवारी चार येते आणि सहा पोत्यांचे धरले तर सव्वापाच. पाहण्यात काहीच फरक नसताना एका हिशेबाने वसुली थांबते, दुसऱ्याने थांबत नाही. वाचकांनी हे दोन प्रश्न वेगळे ध्यानात ठेवावेत. पुढचा सगळा लेख त्यांच्याभोवतीच फिरतो.

१ एप्रिल १९५७ ला देशात दशमान नाणी आली, आणे गेले, कागदोपत्री आणेवारीची पैसेवारी झाली. त्याच्या पाचच महिने आधी, १ नोव्हेंबर १९५६ ला, मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला होता. नाणे बदलले, राज्य बदलले, पण गावात आजही ‘औंदा आणेवारी किती लागली?’ असेच विचारतात.

हिरवळीला गुण

आता गवताकडे येऊ. बीबी का मकबऱ्याच्या बागेतली हिरवळ पाहून आपण ‘छान आहे’ किंवा ‘यंदा वाळली’ म्हणतो आणि पुढे जातो. गोल्फची मैदाने, क्रिकेट आणि फुटबॉलची क्रीडांगणे, विमानतळ आणि बंगल्यांभोवतीची आंगणे यांवर जिथे अफाट पैसा खर्च होतो, तिथे एवढ्याने भागत नाही. कुठले वाण कमी पाण्यात टिकते, कुठले जास्त तुडवले तरी उभे राहते, हे ठरवावे लागते. अमेरिकेत हिरवळीच्या वाणांच्या राष्ट्रीय पातळीवर चाचण्या होतात आणि त्यांत जाणकार माणूस वाफ्यासमोर उभा राहून एक ते नऊ गुण देतो. नऊ म्हणजे उत्तम, एक म्हणजे मेलेले, सहाच्या खाली गेले तर नापसंत. रंग, दाटपणा, पात्याचा बारीकपणा, एकसारखेपणा हे सारे त्या एका आकड्यात येते. थोडक्यात, ही गवताची आणेवारीच, सोळाऐवजी नऊची.

या गवतातले एक प्रमुख गवत आपल्या ओळखीचे आहे. जगभरातल्या मैदानांवर जे बर्म्युडा ग्रास म्हणून मिरवते ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने सायनोडॉन डॅक्टिलॉन, म्हणजे आपली हरळी. गणपतीला वाहताना तिला आपण दूर्वा म्हणतो आणि कापसातून खुरपताना शिव्या देतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी या हरळीचा आफ्रिकेतल्या तिच्या भावंडाशी संकर करून मैदानांसाठी वाणे काढली. १९६० साली बाहेर पडलेले टिफवे हे त्यांतले गाजलेले.

नजरेच्या गुणांची अडचण त्या लोकांनाही होतीच. सकाळच्या तिरप्या उन्हात हिरवळ गडद दिसते, दुपारी फिकी. एक परीक्षक सढळ हाताचा, दुसरा कडक. काल ज्याने सात दिले तोच आज सहा देतो. म्हणून नजरेच्या गुणांना यंत्राची जोड देता येते का, हे तपासणे सुरू झाले. १९९९ साली जॉर्जिया विद्यापीठातल्या ट्रेनहोम, कॅरो आणि डंकन यांनी हिरवळीच्या वाफ्यांवरून परतणारा वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश मोजला आणि तो परीक्षकांच्या गुणांशी ताडून पाहिला. पसंत-नापसंत ठरवणारी माणसाची नजर आणि प्रकाशाचे आकडे बऱ्याच अंशी एकमेकांशी जुळतात, असे त्यांना दिसले. पुढे असे मापक गाडीला बांधून मैदानभर फिरवण्यापर्यंत मजल गेली.

पण मुळात प्रकाशावरून गवत कसे कळते?

पान उन्हाचे काय करते

उन्हात सगळे रंग असतात. पानातले हरितद्रव्य त्यातला निळा आणि तांबडा प्रकाश स्वतःच्या कामासाठी ठेवून घेते; हिरवा थोडा कमी घेते, म्हणून आपल्याला पान हिरवे दिसते. तांबड्याच्या पलीकडे अवरक्त प्रकाश असतो. तो आपल्या डोळ्याला दिसत नाही. पानाला त्याचा अन्न बनवायला उपयोग नाही. पानाच्या आत पाण्याने भरलेल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या यांची जी गुंतागुंत असते, तिच्यात हा प्रकाश इकडेतिकडे आपटतो आणि निम्म्याच्या जवळपास बाहेर फेकला जातो. म्हणजे आपल्याला अवरक्त दिसत असते तर हिरवे रान डोळे दिपवण्याइतके लखलखीत दिसले असते. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९१० साली अवरक्त प्रकाशात घेतलेली छायाचित्रे प्रसिद्ध केली, त्यांत झाडे बर्फ पडल्यासारखी पांढरी दिसतात. दुसऱ्या महायुद्धात हाच गुण कामी आला. हिरव्या रंगाने रंगवलेले कापड डोळ्याला झाडीसारखे दिसे, पण अवरक्त फिल्मवर त्याचे पितळ उघडे पडे.

अवरक्त प्रकाश खरोखर असतो हे घरीही पाहता येते. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या समोरच्या कॅमेऱ्याकडे धरून बटण दाबा. डोळ्याला काही दिसत नाही, पण बहुतेक मोबाइलच्या पडद्यावर रिमोटच्या टोकाला जांभळट ठिणगी दिसते. मी शाळकरी मुलांना हा विषय सांगताना इथूनच सुरुवात करतो.

पीक तहानले, रोगट झाले किंवा अन्नद्रव्याला मुकले की दोन गोष्टी घडतात. हरितद्रव्य घटते, त्यामुळे तांबडा प्रकाश पूर्वीइतका गिळला जात नाही, जास्त परत येतो. पाने झडतात, मरगळतात, मांडव विरळ होतो, त्यामुळे अवरक्त कमी परत येतो. या दोहोंतले अंतर मोजले की पिकाची तब्येत कळते. पण अंतर नुसते मोजून चालत नाही, कारण ऊन कमी-जास्त होते. म्हणून दोहोंच्या वजाबाकीला दोहोंच्या बेरजेने भागायचे. सोयीचे आकडे घेऊ. टवटवीत पिकावरून तांबडा ५ आणि अवरक्त ४५ भाग परत आला. वजाबाकी ४०, बेरीज ५०, उत्तर ०.८. ढगाची सावली पडून दोन्ही निम्मे झाले तर वजाबाकी २०, बेरीज २५. उत्तर पुन्हा ०.८. तहानलेल्या पिकावरून तांबडा १२ आणि अवरक्त ३० आला तर १८ भागिले ४२, म्हणजे सुमारे ०.४३. नांगरून टाकलेल्या काळ्या रानात तांबडा ८ आणि अवरक्त १२ धरला तर ०.२. याच भागाकाराला जगभर एनडीव्हीआय म्हणतात. आपण त्याला हिरवाईचा निर्देशांक म्हणू.

१९७२

हा भागाकार प्रसिद्धीला आला तो काळ आपल्या स्मरणात वेगळ्याच कारणाने कोरलेला आहे. २३ जुलै १९७२ रोजी अमेरिकेने पृथ्वीच्या संसाधनांचे निरीक्षण करणारा पहिला उपग्रह सोडला. पुढे त्याला लँडसॅट-१ हे नाव मिळाले. त्याच जुलैत मराठवाड्यात पेरण्या खोळंबल्या होत्या. पुढची कथा सगळ्यांना ठाऊक आहे: खडी फोडायची कामे, सुकडी, मिलो ज्वारी, आणि त्या होरपळीतून उभी राहिलेली रोजगार हमी.

लँडसॅट तांबडा आणि अवरक्त हे दोन्ही प्रकाश वेगवेगळे मोजत होता. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातले जॉन राउस आणि त्यांचे सहकारी त्याच्या चित्रांवरून अमेरिकेच्या मध्यभागातली विस्तीर्ण कुरणे पाहत होते. वसंतात हिरवाई दक्षिणेकडून उत्तरेकडे कशी सरकते, गुरांना चारा कुठे कधी तयार होतो, हा त्यांचा विषय. दक्षिणेत ऊन उभे, उत्तरेत तिरपे. त्यामुळे आकड्यांची तुलना जमेना. त्यावर उपाय म्हणून १९७३ च्या सुमाराला त्यांनी हा भागाकार वापरला. १९७९ साली नासाच्या कॉम्प्टन टकर यांनी तांबडा आणि अवरक्त यांच्या जोड्या तपासणारा जो निबंध लिहिला, त्यामागेही कोलोरॅडोतल्या पॉनी कुरणातले गवत होते. गवताच्या तुकड्यांवरचा प्रकाश आधी मोजायचा, मग तेच गवत कापून, वाळवून, वजन करून पाहायचे. यंत्राचा आकडा खरा की खोटा, हे शेवटी तराजूने सांगितले.

इथे मराठी वाचकाला आपली माणसे आठवायला हवीत. शेतातली ठरावीक चौकट चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, तेवढेच पीक कापायचे, मळायचे, तोलायचे आणि त्यावरून गावाचा उतारा काढायचा, या पीक कापणी प्रयोगाला शास्त्रीय शिस्त लावण्यात पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांचा मोठा वाटा आहे. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. चाळीसच्या दशकात त्यांचा आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा चौकट केवढी असावी यावर वाद झाला. चौकट फार लहान असली तर कडेवरची रोपे कापणाऱ्याच्या हातून नकळत आत धरली जातात आणि उतारा फुगतो, हे सुखात्मे-पानसे यांनी दाखवून दिले. कडेच्या चार ताटांवरून गावाचे नशीब हलू शकते, हे ज्यांनी आकड्यांत मांडले त्या पिढीपासून उपग्रहाच्या पिढीने शिकावे असे खूप आहे.

नारळापासून तालुक्यापर्यंत

भारतात या विद्येची सुरुवातही एका झाडाच्या आजाराने झाली. १९७० च्या आसपास पिशारथ रामा पिशारोटी यांनी केरळात मूळकूज लागलेल्या नारळाच्या बागांची हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर चित्रे घेतली. रोगट आणि निरोगी झाडे वरून वेगळी ओळखता येतात हे त्यांतून दिसले. हे पिशारोटी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक. पुढे १७ मार्च १९८८ ला आपला आयआरएस-१ए उपग्रह गेला, १९८९ पासून हैदराबादच्या सुदूर संवेदन संस्थेने उपग्रहावरून शेतीच्या दुष्काळावर नजर ठेवण्याचे काम नियमित सुरू केले आणि २०१२ साली ते दिल्लीतल्या राष्ट्रीय पीक अंदाज केंद्राकडे आले. त्या केंद्राला महालनोबिस यांचे नाव आहे.

आपल्या शहरातही हे काम परके नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या संगणकशास्त्र व माहिती तंत्रज्ञान विभागात वर्णपटमापी आहे. ३५० ते २५०० नॅनोमीटरपर्यंतचा, म्हणजे दिसणारा आणि त्यापलीकडचा प्रकाश तो बारीक पायऱ्यांनी मोजतो. या भागातल्या पिकांच्या पानांची प्रकाश-ओळख नोंदवणारे अनेक निबंध तिथल्या संशोधकांनी लिहिले आहेत. अशा यंत्राची एक रीत मला फार महत्त्वाची वाटते. पान मोजण्याआधी यंत्र एका शुभ्र पांढऱ्या चकतीवर धरतात आणि तिच्यावरून परतणारा प्रकाश शंभर टक्के मानतात. त्यानंतरच पानाचा आकडा अर्थपूर्ण होतो. म्हणजे प्रयोगशाळेतसुद्धा ‘सोळा आणे’ काय ते आधी ठरवावे लागते. फरक इतकाच की ती चकती सगळ्यांसमोर टेबलावर ठेवलेली असते.

२०१८ आणि २०२३

केंद्र सरकारने डिसेंबर २०१६ मध्ये दुष्काळ व्यवस्थापनाची सुधारित संहिता काढली. आधी पाऊस किती कमी आणि खंड किती हे पाहायचे. मग पेरणी, जमिनीतला ओलावा, धरणे-भूजल आणि उपग्रहाने मोजलेली हिरवाई हे निर्देशक लावायचे. शेवटी निवडक गावांत प्रत्यक्ष पाहणी करायची. पिकाचे नुकसान ३३ ते ५० टक्के असेल तर दुष्काळ मध्यम, ५० च्या वर गेले तर गंभीर. शतकभर पैसेवारीवर चाललेला निर्णय असा कागदोपत्री प्रकाशाकडे सरकला. ३१ ऑक्टोबर २०१८ ला महाराष्ट्राने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांतले ११२ गंभीर, ३९ मध्यम. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ४० तालुके जाहीर झाले आणि त्यांत आमच्या जिल्ह्यातले दोनच होते, छत्रपती संभाजीनगर आणि सोयगाव. राज्यभर ओरड झाली. दहा-बारा दिवसांत सरकारने आणखी १०२१ महसुली मंडळे दुष्काळसदृश म्हणून सवलतींसाठी घेतली. त्यांचा निकष मात्र साधा होता: पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरच्या आत. एवढ्या निर्देशकांच्या चाळणीतून जी गावे खाली पडली होती, त्यांना शेवटी पर्जन्यमापकाने वर घेतले.

हिरवाईच्या निर्देशांकाला यात दोष द्यावा का? त्याने जे मोजायचे ते इमानाने मोजले. पण त्याच्या मर्यादा जाणून घेतल्या पाहिजेत.

एक, तो हिरवे मोजतो, दाणा मोजत नाही. फुलोऱ्यात पावसाने दडी मारली आणि नंतर दोन सरी आल्या की सोयाबीन पुन्हा हिरवेगार होते, शेंगा मात्र पापड्याच राहतात. आपल्याकडे याला हिरवा दुष्काळ म्हणतात. उपग्रहाला त्यातला पहिला शब्द दिसतो, दुसरा दिसत नाही.

दोन, हिरवे कोणाचे हे त्याला आपोआप कळत नाही. ओढ्याकाठची वेडी बाभूळ, पडीक रानातले गाजरगवत, बांधावरची हरळी, विहिरीच्या जिवावर उभी असलेली मोसंबी, आले, ऊस, सगळे एका हिशेबात येतात. पिकांचे नकाशे लावून हे वेगळे काढता येते, पण त्यासाठी कोणीतरी बांधावर जाऊन काय पेरले आहे ते आधी लिहून आणावे लागते. दुष्काळाच्या कामात जगभर वापरल्या गेलेल्या मोडिस या उपकरणाचा तांबड्या-अवरक्त प्रकाशाचा एक ठिपका २५० मीटर बाजूचा असतो. म्हणजे सव्वासहा हेक्टर, पंधरा एकरांहून अधिक. एवढ्या जागेत आमच्याकडे पाच-सहा खातेदार बसतात. त्यांतल्या एकाकडे शेततळे असले तर बाकीच्यांची तहान त्याच्या हिरव्यात मिसळून जाते. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची दहा मीटरची चित्रे २०१५ पासून फुकट मिळू लागली आहेत. मी आमच्या शिवाराची ती पाहतो तेव्हा एकेक बांध ओळखू येतो. तरी तिसरी अडचण राहतेच: ज्या ऑगस्ट-सप्टेंबरात निर्णय व्हायचा, त्याच दिवसांत आभाळ झाकोळलेले असते. न बरसणारे ढगसुद्धा उपग्रहाची वाट अडवतात. मग दहा-पंधरा दिवसांतला जो स्वच्छ आकडा मिळेल तो घ्यावा लागतो आणि पिकाला पंधरा दिवस फार असतात.

हिरवळीच्या अभ्यासकांनाही यातल्या पहिल्या दोन अडचणी भेटल्याच होत्या. हिरवळ फिकी झाली हे यंत्र सांगते. ती तहानेने की बुरशीने की खताअभावी, हे सांगायला खाली वाकून पाते चिमटीत धरणारा माळीच लागतो.

पूर्ण पीक कशाला म्हणायचे

आता लेखाच्या सुरुवातीच्या दोन प्रश्नांकडे येतो. शेतात किती हिरवे आहे, या पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रकाश नजरेपेक्षा सरस देतो. तो दमत नाही, गावच्या पुढाऱ्याला भीत नाही, वरच्या साहेबाचा इशारा पाळत नाही. चाळीस वर्षांपूर्वीचे चित्र आजही काढून तपासता येते. तलाठ्याची त्या दिवसाची नजर परत आणता येत नाही. हा लाभ लहान नाही आणि तो नाकारण्यात शेतकऱ्याचे हित नाही.

दुसरा प्रश्न मात्र जसाच्या तसा आहे, फक्त तो आता आकड्यांच्या आड गेला आहे. दुष्काळासाठी वापरल्या जाणाऱ्या निर्देशांकांपैकी एक अमेरिकेच्या हवामान खात्यातल्या फेलिक्स कोगन यांनी मांडला. त्यात एखाद्या जागेची आजवरची सर्वांत कमी हिरवाई शून्य आणि सर्वांत जास्त शंभर धरतात आणि यंदाची हिरवाई या दोहोंमध्ये कुठे बसते ते पाहतात. समजा, कोरडवाहू तालुक्याची मजल ०.२५ ते ०.६५ अशी आहे आणि यंदा ०.४५ आले, गुण पन्नास. कालव्याखालच्या तालुक्याची मजल ०.४० ते ०.८० आणि यंदा ०.६०, गुण पुन्हा पन्नास. दोघांना समान न्याय मिळाल्यासारखे वाटते. पण पहिल्याचे ‘सोळा आणे’ दुसऱ्याच्या तुलनेत आधीच कमी धरलेले आहेत. ज्या भूमीच्या नोंदीत वाईट वर्षेच अधिक, तिची सरासरीही खाली येते, आणि मग नेहमीचे वाईट वर्ष ‘साधारण’ ठरते.

पीक विम्यातही हेच घडते. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत उंबरठा उत्पन्न काढताना गेल्या सात वर्षांतली चांगली पाच निवडतात, त्यांची सरासरी काढतात आणि तिला जोखीमस्तराने, म्हणजे ७०, ८० किंवा ९० टक्क्यांनी गुणतात. सातांत दोन वर्षे वाईट गेली तर ती वगळली जातात. तीन गेली तर एक वाईट वर्ष ‘चांगल्या पाचांत’ येऊन बसते. चार गेली तर दोन. मराठवाड्यात सातांत तीन-चार वर्षे हातची जाणे ही काही नवलाची गोष्ट नाही. २०२३ च्या खरिपापासून या योजनेत भात आणि गव्हाच्या उत्पन्नाचा अंदाज काढताना उपग्रहाच्या पद्धतीला किमान ३० टक्के वजन द्यायचे ठरले आणि पुढे सोयाबीनही त्यात आले. मोजण्याचे साधन बदलले. ज्याच्याशी तुलना करायची तो उंबरठा तोच राहिला.

खेड्याच्या शेतकऱ्यांना निदान कशाशी भांडायचे हे ठाऊक होते. चार आणे हा शब्द त्यांच्या रोजच्या व्यवहारातला होता. आजच्या शेतकऱ्याला ‘तुमचा तालुका निर्देशांकात बसत नाही’ असे सांगितले की तो मुकाट होतो, कारण त्या वाक्यात भांडायला जागाच ठेवलेली नसते. म्हणून माझे मागणे साधे आहे. पैसेवारी जशी गावनिहाय जाहीर होते, तसा हा आकडाही चावडीवर लागावा आणि त्याच्या शेजारी चार ओळी असाव्यात: चित्रे कोणत्या तारखांची, त्यांतला किती भाग ढगाखाली होता, प्रत्यक्ष पाहणी कोणत्या गावांच्या कोणत्या गटांत झाली आणि ‘साधारण वर्ष’ म्हणून कोणती वर्षे धरली. पहिल्या तीन ओळींवरून यंत्राची परीक्षा होईल. चौथी ओळ आपल्या सोळा आण्यांची आहे आणि ग्रामसभेत आधी तिच्यावर बोलणे व्हावे.